ऑटोकॅडमध्ये लेआउट आणि व्ह्यूपोर्ट: एका बंगल्याचा नकाशा ए१ कागदावर बसवताना

ऑटोकॅड या नकाशे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल स्पेस, म्हणजे प्रत्यक्ष रेखाटण्याची जागा असते. तिथे काढलेल्या आराखड्याची एक प्रत बाजूला घ्यायची, ती स्केल आज्ञेने मोठी करायची आणि तिलाच '१:५० चा तपशील' म्हणायचे, ही पद्धत अजूनही अनेक ड्राफ्टिंग कार्यालयांत चालते. ग्राहकाने एक खिडकी सरकवायला सांगितली की दुरुस्ती दोन जागी करावी लागते आणि दुसरी जागा हमखास राहून जाते. शिवाय मोठ्या केलेल्या प्रतीवरची मापे दुप्पट दिसतात, म्हणून कोणीतरी मापांचे आकडे हाताने बदलून टाकतो, आणि मग त्या नकाशावर विश्वास ठेवण्यासारखे काही उरत नाही. ही सगळी यातायात टाळण्याचे साधन ऑटोकॅडमध्ये फार पूर्वीपासून आहे. पेपर स्पेसची, म्हणजे छापायचा कागद मांडण्याच्या जागेची सोय १९९० मधल्या ११व्या आवृत्तीत आली आणि एकाच फाइलमध्ये अनेक लेआउट, म्हणजे छपाईची पाने ठेवण्याची सोय १९९९ मध्ये आलेल्या ऑटोकॅड २००० पासून मिळाली.

या लेखातला मुख्य मुद्दा आधीच सांगतो. मॉडेल स्पेसमध्ये प्रत्येक वस्तू खऱ्या मापाची असते आणि प्रमाण हा केवळ व्ह्यूपोर्टचा, म्हणजे कागदावरून मॉडेल दाखवणाऱ्या खिडकीचा गुणधर्म असतो. प्रमाण एकदा ठरवून व्ह्यूपोर्ट लॉक केला की ते कोणालाही चुकून बदलता येऊ नये, एवढे साधले की लेआउटमधल्या बहुतेक तक्रारी उद्भवतच नाहीत. आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरे वापरावीत. ब्रिक्सकॅड किंवा झेडडब्ल्यूकॅड ही ऑटोकॅडसारखी सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनाही यातल्या बऱ्याच आज्ञा त्याच नावाने सापडतील.

उदाहरण आणि कागदावरचा हिशेब

१२ मीटर × १८ मीटरचा प्लॉट आहे, असे धरू. समोर ३ मीटर आणि उरलेल्या तिन्ही बाजूंना दीड-दीड मीटर सामासिक अंतर सोडल्यावर बांधकामाला ९ × १३.५ मीटर जागा मिळते. तळमजला, पहिला मजला, गच्ची, एक दर्शनी बाजू आणि एक छेद १:१०० प्रमाणात, ब्लॉक प्लॅन १:५०० प्रमाणात आणि स्नानगृहाचा तपशील १:२० प्रमाणात, असे सगळे एका ए१ कागदावर हवे आहे. (मंजुरीसाठी द्यायच्या नकाशाचे प्रमाण त्या त्या प्राधिकरणाच्या नियमांत पाहूनच ठरवावे.)

संगणकाला हात लावण्यापूर्वी दोन मिनिटे कागदावर हिशेब करावा. ए१ कागद ८४१ × ५९४ मिमीचा असतो. आडव्या कागदावर डावीकडे बांधणीसाठी २० मिमी आणि बाकी बाजूंना १० मिमी समास सोडला तर ८११ × ५७४ मिमी उरतात, आणि उजवीकडे १८० मिमीची टायटल ब्लॉकची (नकाशाच्या माहितीच्या चौकटीची) पट्टी काढल्यावर रेखांकनासाठी ६३१ मिमी रुंदी राहते. १:१०० प्रमाणात आपले बांधकाम ९० × १३५ मिमीचे होते. मापांच्या रेषा आणि शीर्षकासह प्रत्येक आराखड्याला १५० × २०० मिमीचा व्ह्यूपोर्ट द्यावा. असे तीन एका ओळीत ४५० मिमीत बसतात आणि खालच्या ओळीसाठी ३७४ मिमी उंची शिल्लक राहते. दीड मीटर × २.१ मीटरचे स्नानगृह १:२० प्रमाणात ७५ × १०५ मिमीचे होईल, तेही खाली सहज मावते. हा हिशेब न करता व्ह्यूपोर्ट अंदाजाने ओढले की शेवटचा तपशील टायटल ब्लॉकवर चढतो आणि मग सगळी मांडणी पुन्हा करावी लागते.

पान तयार करणे

मॉडेलच्या शेजारच्या लेआउट टॅबवर उजवे क्लिक करून पेज सेटअप मॅनेजर उघडावा आणि 'मॉडिफाय' निवडावे. प्रिंटर म्हणून 'डीडब्ल्यूजी टू पीडीएफ', कागद म्हणून 'आयएसओ फुल ब्लीड ए१', प्लॉट एरिया (छपाईचे क्षेत्र) 'लेआउट', प्रमाण १:१ म्हणजे १ मिमी बरोबर १ युनिट, आणि काळ्या-पांढऱ्या छपाईसाठी 'मोनोक्रोम' ही प्लॉट स्टाइल घ्यावी. नवशिक्यांचा इथे एक गोंधळ हमखास होतो. नकाशा १:१०० चा आहे म्हणून ते पेज सेटअपमध्येही १:१०० टाकतात. लेआउटमधला कागद हा खऱ्या मापाचा कागद आहे, त्यामुळे त्याची छपाई नेहमी १:१ मध्येच होते.

नव्या लेआउटमध्ये ऑटोकॅड आपणहून एक व्ह्यूपोर्ट घालून देते. तो आपल्या कामाचा नसतो. त्याची कड निवडून तो पुसून टाकावा. ही सवय कायमची बंद करायची असेल तर ऑप्शन्सच्या डिस्प्ले टॅबमध्ये 'क्रिएट व्ह्यूपोर्ट इन न्यू लेआउट्स' या चौकटीतली खूण काढावी. टायटल ब्लॉक थेट लेआउटमध्येच खऱ्या मापाने ठेवावा.

त्यानंतर व्ह्यूपोर्टसाठी एक स्वतंत्र लेयर (वस्तू ठेवण्याचा थर) तयार करून लेयर मॅनेजरमध्ये तिच्यापुढचे छपाईचे चिन्ह बंद करावे. चौकटी पडद्यावर दिसतात, निवडता येतात, पण कागदावर उमटत नाहीत. काहीजण त्यासाठी 'डेफपॉइंट्स' ही लेयर वापरतात, कारण तीही छापली जात नाही. पण ती ऑटोकॅडने मापांच्या बिंदूंसाठी स्वतः तयार केलेली लेयर आहे, तिच्यात आपले सामान न टाकलेले बरे.

व्ह्यूपोर्ट काढणे आणि प्रमाण देणे

व्ह्यूपोर्टची लेयर 'करंट' करून 'एमव्ही' टाइप करावे आणि एंटर दाबावे. पहिला कोपरा दाखवून दुसऱ्या कोपऱ्यासाठी '@१५०,२००' असे लिहिले की नेमक्या मापाची चौकट मिळते आणि तिच्यात संपूर्ण मॉडेल लहान होऊन दिसते. पुढचा क्रम महत्त्वाचा आहे: आधी मध्य, मग प्रमाण, शेवटी कुलूप.

चौकटीच्या आत दोनदा क्लिक केले की कड जाड दिसते, म्हणजे आपण त्या खिडकीतून मॉडेल स्पेसमध्ये शिरलो. तळमजल्याचा आराखडा झूम आणि पॅन करून साधारण मधोमध आणावा. मग 'झेड', एंटर, '१/१००एक्सपी', एंटर. इथे 'एक्सपी' म्हणजे पेपर स्पेसच्या तुलनेत, हे अक्षर विसरले तर झूम मॉडेलच्या मर्यादांच्या तुलनेत होतो आणि प्रमाण भलतेच लागते. चौकटीबाहेर दोनदा क्लिक करून कड निवडली तर स्टेटस बारवरच्या यादीतूनही १:१०० घेता येते, आणि रोजच्या कामात तोच मार्ग सोयीचा आहे. प्रमाण देताना दृश्याचा मध्य जागेवरच राहतो, म्हणून मध्य आधी साधायचा.

हे सगळे मॉडेल मिलिमीटरमध्ये काढले आहे असे धरून सांगितले. आपल्याकडे मोजणी नकाशावरून प्लॉट काढणारे पुष्कळ लोक मीटरमध्ये काम करतात, आणि यादीतले १:१०० त्यांना दगा देते. १८ मीटरचा प्लॉट म्हणजे १८ युनिट, त्याचा शंभरावा भाग ०.१८ मिमी. चौकटीत एक ठिपका दिसतो आणि बघणाऱ्याला वाटते की नकाशा गायब झाला. मीटरच्या मॉडेलसाठी १००० ला हव्या त्या प्रमाणाने भागावे: १:१०० साठी १०एक्सपी, १:५०० साठी २एक्सपी, १:५० साठी २०एक्सपी, १:२० साठी ५०एक्सपी. दर वेळी हा भागाकार करण्यापेक्षा 'स्केललिस्टएडिट' या आज्ञेने '१:१०० मीटर' अशा नावाचे प्रमाण यादीत घालावे, पेपर युनिट १० आणि ड्रॉइंग युनिट १. असे केल्याने पुढे अक्षरांची उंचीही आपोआप बरोबर येते.

इंचात काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. 'एक फुटाला १/८ इंच' हे जुने प्रमाण म्हणजे १:९६, ते १:१०० नव्हे. दहा मीटरची भिंत १:१०० वर १०० मिमी भरते आणि १:९६ वर १०४ मिमीहून थोडी जास्त. पडद्यावर हा फरक कळत नाही, पण छाननी करणाऱ्याने पट्टी लावली की लगेच कळतो. इंचातले मॉडेल मिलिमीटरच्या कागदावर १:१०० प्रमाणात हवे असेल तर ०.२५४एक्सपी द्यावे.

लॉक

प्रमाण लागताच, त्याच क्षणी, व्ह्यूपोर्ट लॉक करावा. कड निवडून स्टेटस बारवरचे कुलूप दाबावे, किंवा कंट्रोल-१ ने प्रॉपर्टीज उघडून 'डिस्प्ले लॉक्ड'समोर 'येस' करावे. न लॉक केलेल्या व्ह्यूपोर्टमध्ये शिरून माउसचे चाक एकदा जरी फिरवले तरी १:१०० चे १:९३.७ वगैरे काहीतरी होते. नजरेला आराखडा तसाच दिसतो, टायटल ब्लॉकवर १:१०० हेच छापलेले असते, आणि चूक थेट छापील कागदावर सापडते. लॉक असताना आत शिरून चाक फिरवले तर संपूर्ण लेआउट जवळ-लांब होतो, प्रमाण हलत नाही.

चौकटीचा आकार त्यानंतरही बदलता येतो. कोपऱ्याच्या निळ्या पकडी ओढल्या तर खिडकी लहान-मोठी होते, आतले प्रमाण तसेच राहते. मॉडेलमध्ये बारीक दुरुस्ती करायची असेल तेव्हा छोट्या चौकटीत डोळे ताणत बसू नये. 'व्हीपीमॅक्स' दिले की तो व्ह्यूपोर्ट पूर्ण पडद्यावर येतो, तिथे हवा तसा झूम करून काम करावे आणि 'व्हीपीमिन' देऊन परतावे. मूळ मध्य आणि मूळ प्रमाण जसेच्या तसे मिळते. इतकी उपयोगी आज्ञा इतक्या कमी लोकांना माहीत असावी याचे मला नेहमी नवल वाटते.

तिरका प्लॉट सरळ दाखवणे

मोजणी नकाशावरून आणलेला प्लॉट उत्तरेशी तिरका असतो, आणि कागदावर मात्र रस्ता आडवा, खालच्या बाजूला हवा असतो. इथे बरेचजण संपूर्ण मॉडेलच रोटेट करतात. तसे केल्याने प्लॉटचे मूळ सहनिर्देशक जातात, शेजारच्या सर्व्हे नंबरशी जुळणारी फाइल जुळेनाशी होते आणि उत्तर दिशेची खूणही हाताने फिरवावी लागते. मॉडेल तसेच ठेवून फक्त दृश्य फिरवावे.

व्ह्यूपोर्ट लॉक नाही ना, हे पाहून आत दोनदा क्लिक करावे. अक्ष बदलणारी 'यूसीएस' आज्ञा देऊन रस्त्याकडच्या हद्दीचे ते टोक दाखवावे, जे कागदावर डावीकडे यायला हवे. मग उजवीकडचे टोक दाखवून एंटर दाबावे. त्यानंतर 'प्लॅन' आणि पुन्हा एंटर. दृश्य फिरते आणि रस्ता आडवा होतो. प्लॅन ही आज्ञा सोबत झूम एक्स्टेंट्सही करते (सगळे रेखांकन चौकटीत बसवते), म्हणजे आधी दिलेले प्रमाण पुसले जाते. म्हणून फिरवलेल्या व्ह्यूपोर्टमध्ये प्रमाण प्लॅननंतरच द्यावे आणि मग लॉक करावे. शेवटी 'यूसीएस', 'वर्ल्ड' देऊन अक्ष मूळ जागी आणावेत. 'यूसीएसफॉलो' हे सेटिंग शून्य असेल तर दृश्य फिरलेलेच राहते.

उत्तर दिशेची खूण मॉडेल स्पेसमध्ये ठेवली तर ती प्रत्येक व्ह्यूपोर्टमध्ये योग्य कोनात आपोआप वळते. ती ॲनोटेटिव्ह (व्ह्यूपोर्टच्या प्रमाणानुसार आकार घेणारा) ब्लॉक म्हणून करावी, आणि ब्लॉक तयार करताना 'मॅच ब्लॉक ओरिएंटेशन टू लेआउट' ही खूण नक्की काढलेली असावी, नाहीतर बाण कागदाला समांतर उभा राहून उत्तर चुकीची दाखवेल. खोल्यांच्या नावांचे मात्र उलट आहे. ती कागदावर सरळ वाचता आली पाहिजेत, म्हणून टेक्स्ट स्टाइलमध्ये ॲनोटेटिव्हसोबत 'मॅच टेक्स्ट ओरिएंटेशन टू लेआउट' ही खूण असू द्यावी.

आणखी एक बारकावा आहे. व्ह्यूपोर्टच्या चौकटीवरच रोटेट आज्ञा चालवली तर आतले दृश्यही सोबत फिरते, कारण 'व्हीपीरोटेटअसोक' या चलाची मूळ किंमत १ असते. फक्त चौकट फिरवायची असेल तर ती ० करावी.

एकच आराखडा, वेगवेगळ्या लेयर

तळमजल्याचा एकच आराखडा मंजुरीच्या पानावर फर्निचरशिवाय हवा असतो, ग्राहकाच्या पानावर फर्निचरसह आणि वायरमनच्या पानावर दिव्यांच्या बिंदूंसह. त्यासाठी तीन प्रती करू नयेत. व्ह्यूपोर्टच्या आत शिरून लेयर मॅनेजर उघडला की उजवीकडे 'व्हीपी फ्रीझ' हा रकाना दिसतो. तिथे फर्निचरची लेयर गोठवली की ती फक्त त्या व्ह्यूपोर्टमधून जाते. नेहमीच्या 'फ्रीझ' रकान्यात क्लिक केले तर ती सगळ्या पानांवरून एकदम नाहीशी होते, आणि घाईत चूक होते ती इथेच. 'व्हीपी कलर' आणि 'व्हीपी लाइनवेट' हे रकानेही असेच त्या एका व्ह्यूपोर्टपुरते काम करतात: वायरिंगच्या पानावर भिंती फिक्या राखाडी करून दिवे ठळक ठेवायचे असतील तर यांचा उपयोग होतो. असे बदल केलेल्या लेयरची ओळ यादीत वेगळ्या पार्श्वभूमीवर दिसते. दुसऱ्याची फाइल हातात आली की आधी त्या ओळी पाहाव्यात.

अक्षरे, मापे आणि तुटक रेषा

छापील कागदावर अक्षरे २.५ मिमी उंचीची हवीत, तर मिलिमीटरच्या मॉडेलमध्ये ती १:१०० साठी २५० आणि १:२० साठी ५० युनिट असायला हवीत. ॲनोटेटिव्ह स्टाइल हा हिशेब स्वतः करते, आपण उंची २.५ एवढीच द्यायची. एखादे माप मॉडेलमध्ये दिसते पण व्ह्यूपोर्टमध्ये दिसत नसेल, तर त्या मापाला त्या व्ह्यूपोर्टचे प्रमाण जोडलेले नाही, असे समजावे. माप निवडून प्रॉपर्टीजमधल्या 'ॲनोटेटिव्ह स्केल'मध्ये ते जोडावे. प्रमाण बदलताच सर्व वस्तूंना ते आपोआप जोडणारा 'ॲनोऑटोस्केल' मी बंदच ठेवतो. तो चालू असला की प्रत्येक अक्षराला नको ती पाच-सहा प्रमाणे चिकटतात आणि फाइल उगाच जड होते.

मापे लेआउटमध्ये द्यावीत की मॉडेलमध्ये, यावर दोन पक्ष आहेत. लेआउटमध्ये दिलेली मापे मॉडेलमधल्या बिंदूंशी जोडलेली असतात खरी, पण मॉडेलमधली वस्तू पुसून पुन्हा काढली की तो धागा तुटतो आणि माप जुन्या जागी लटकत राहते. बदल सतत होणाऱ्या घरबांधणीच्या कामात मापे मॉडेलमध्येच असावीत, असे माझे मत आहे.

तुटक रेषांसाठी 'एलटीस्केल' १ आणि 'पीएसएलटीस्केल' १ ठेवावे. मग १:५०० आणि १:२० या दोन्ही व्ह्यूपोर्टमधल्या रेषांचे तुकडे कागदावर सारख्याच लांबीचे येतात. बदल लगेच दिसत नसेल तर 'आरईए', म्हणजे रीजेनऑल द्यावे.

गोल किंवा वेडावाकडा व्ह्यूपोर्ट

स्नानगृहाचा तपशील वर्तुळात दाखवायचा असेल तर लेआउटमध्ये आधी वर्तुळ काढावे, 'एमव्ही' देऊन 'ऑब्जेक्ट' पर्याय घ्यावा आणि वर्तुळ निवडावे. बंद पॉलीलाइनही चालते. आधीपासून असलेला चौकोनी व्ह्यूपोर्ट कापायचा असेल तर 'व्हीपीक्लिप' वापरावे. तपशिलाभोवती वर्तुळ छापून यायला हवे असते, म्हणून फक्त याच व्ह्यूपोर्टची कड छापली जाणाऱ्या लेयरवर न्यावी.

काही बिघडले तर

व्ह्यूपोर्ट पांढरा दिसत असेल तर प्रॉपर्टीजमध्ये 'ऑन' समोर 'येस' आहे का, ते पाहावे. ते ठीक असेल तर आत शिरून 'झेड', 'ई' देऊन मॉडेल सापडते का बघावे, बहुतेक वेळा दृश्य रिकाम्या जागेवर गेलेले असते. एकाच लेआउटमध्ये फार व्ह्यूपोर्ट असतील तर 'मॅक्सॲक्टव्हीपी'ची मर्यादा, मूळ किंमत ६४, ओलांडली गेलेली असू शकते. मोठ्या व्ह्यूपोर्टच्या पोटात छोटा व्ह्यूपोर्ट असेल आणि दोनदा क्लिक करून त्यात शिरता येत नसेल तर कंट्रोल-आर दाबत राहावे, एकेक व्ह्यूपोर्ट क्रमाने चालू होतो. शीर्षक किंवा टीप चुकून मॉडेलमध्ये लिहिली गेली तर ती पुसून पुन्हा लिहायची गरज नाही. 'सीएचस्पेस' तिला प्रमाणासकट लेआउटमध्ये आणून ठेवते.

छपाई

पीडीएफ तयार झाल्यावर लेआउटमध्ये एका कोपऱ्यात काढलेली १०० मिमीची रेषा छापील कागदावर पट्टीने मोजावी. ती ९७ मिमी भरली तर दोष बहुधा ऑटोकॅडचा नसतो. पीडीएफ छापणाऱ्याने 'फिट' निवडलेले असते. छपाईच्या दुकानात 'ॲक्च्युअल साइज' असे स्पष्ट सांगावे. ए१ चा नकाशा साइटसाठी ए३ वर छापला तर लांबी-रुंदी निम्मी होते, म्हणजे १:१०० चा नकाशा १:२०० चा होतो आणि त्यावर लिहिलेले प्रमाण खोटे ठरते. अशा प्रतींसाठी प्रत्येक आराखड्याखाली आकड्यांसोबत स्केल बारही काढावा, कागद लहान झाला तरी तो नकाशासोबत लहान होतो. दुसऱ्या मजल्यासाठी नवे पान लागले तर लेआउट टॅबवर उजवे क्लिक करून 'मूव्ह ऑर कॉपी'मधून प्रत काढावी. पेज सेटअप, टायटल ब्लॉक, लॉक केलेले व्ह्यूपोर्ट, सगळे सोबत येते. प्रतीतल्या व्ह्यूपोर्टचे लॉक काढून फक्त पॅन करावे, स्टेटस बारवर प्रमाण अजूनही १:१०० आहे हे पाहावे आणि पुन्हा लॉक करावे.